खाटेतला माग

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो. मला पाहाल तर खाटच म्हणाल, आणि त्यात तुमची काही चूक नाही.

पारशिवनीकडच्या सागवानातून मी घडलो. नागपुरात ईश्वरदास विणकरांच्या पुढच्या खोलीत मला बसवले. माझ्याखालच्या खड्ड्यात पाय सोडून ते पावड्या दाबत, आणि माझ्यावर रेशमी काठाचे लुगडे वाढत जाई. स्तुती त्यांची व्हायची, फुगायचो मात्र मी.

पुढे त्यांचे थोरले भाऊ बाबूलाल अंथरुणाला खिळले. चार वर्षांच्या दुखण्यात त्यांचे उमरेडचे घर विकले गेले. भाड्याच्या खोलीत 'मले घरी न्या' म्हणतच ते गेले. तिथून परतल्यावर ईश्वरदास विणता विणता बायकोला म्हणाले, "आइक वं. माहे हातपाय थांबले तं ही खोली भाड्यानं दे. माग काढजो, पण घर इकू नोको."

"असं अभद्र काहून बोलता?" तुळजाबाई म्हणाल्या.

ईश्वरदासांनी पिच्छा सोडला नाही. घराचा कागदही तुळजाबाईंच्या नावे केला. मला फार राग आला. इतकी वर्षे साथ दिली, आणि आधी बाहेर मीच?

सन एकोणऐंशीत त्यांना लकवा झाला. उजवे अंग गेले. तुळजाबाईंचे भाऊ रुपराव म्हणाले, "घर इकून टाक बाई. दवापाणी लंबं चालन. तिकडं नंदनवन वस्तीत भाड्यानं राहा."

"नाही दादा. त्यायनं सांगून ठेवलं हाये," त्या म्हणाल्या आणि माझ्या लाकडाला टेकून खूप रडल्या.

खड्डा मुरूम टाकून बुजवला. खोलीत एक मास्तर राहायला आले. त्यांच्या भाड्यावर औषध आणि मालिशवाल्याचा खर्च भागू लागला. ईश्वरदासांना उंच, पक्की खाट हवी होती. सुताराने ती माझ्याच लाकडांची केली. माझा राग तेव्हा गेला. धाग्यांतून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा आवाज मात्र अजून आठवतो, आणि जीव कासावीस होतो.

मित्रांनो, घरातले धडधाकट माणूस असे काही बोलू लागले, तर त्याला गप्प करू नका. जवळ बसा, ऐकून घ्या.

रोज सकाळी ईश्वरदासांचा डावा पाय माझ्या पायथ्याची फळी दाबतो, उचलतो, पुन्हा दाबतो. मी करकरतो.

"काय करून राहिले?" तुळजाबाई चुलीपासून विचारतात.

जड जिभेने ते म्हणतात, "इनून राहिलो. आपल्या घरी."