चादरी कोणी धुतल्या?

मित्रांनो, माझं मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलंय, म्हणून ओळख मीच सांगतो. मी इंग्रजी व्याकरणाचं एक जुनं पुस्तक आहे. माझ्या अडतिसाव्या पानावर ठळक चौकट आहे: 'ॲक्टिव्ह म्हणजे कर्तरी, पॅसिव्ह म्हणजे कर्मणी.' शिक्षक ती पाठ करून घेत, माझी वाहवा करत. पुढे नवी पुस्तकं आली आणि मी रद्दीच्या दुकानात धूळ खात पडलो.

रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या एका बाईंनी मला तिथून आणलं. मुकादम व्हायला इंग्रजीची परीक्षा होती आणि ती दोनदाच देता येई. कामाची पाळी संपली की बाई इस्त्रीच्या टेबलावर मला उघडत आणि माझ्या स्वाध्यायातली वाक्यं सोडवत.

"आय वॉश द शीट्स. मी चादरी धुते. कर्तरी, म्हणजे ॲक्टिव्ह."

बरोबर!

"आय वॉश्ड द शीट्स. मी चादरी धुतल्या. एक असती तर धुतली. क्रियापद चादरीमागे चाललंय. कर्मणी, म्हणजे पॅसिव्ह."

माझ्या शेवटच्या पानावर मात्र उत्तर होतं 'ॲक्टिव्ह'. बाई गोंधळल्या, मीही गोंधळलो. चौकट माझी, उत्तरही माझंच. मग खोटं कोणतं?

बाई नापास झाल्या. "माझ्याच डोक्यात काही शिरत नाही," म्हणत त्यांनी मला घरी नेऊन कपाटावर टाकलं. वर्षभर मी तिथेच होतो.

एकदा त्या तणतणत घरी आल्या. धुलाईघरात लागलेली सूचना त्यांनी उतरवून आणली होती: 'द शीट्स वेअर बर्न्ट.'

"चादरी जाळल्या गेल्या म्हणे. पण कोणी जाळल्या?" त्यांनी लेकीला विचारलं.

"ते लिहायचं टाळलंय, आई. पॅसिव्हमध्ये करणारा गाळता येतो. वाक्यात पुढे चादरी आहेत आणि जळल्यात त्याच."

बाई थबकल्या. "आणि 'आय वॉश्ड'मध्ये पुढे मी, धुणारीही मीच! मग मराठीत कर्मणी असेना का, इंग्रजीत ॲक्टिव्हच की गं!"

त्यांनी मला खाली काढलं, धूळ पुसली आणि चौकटीशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'पुढे कोण? करणारा की सोसणारा?'

दुसऱ्या खेपेला बाई पास झाल्या.

"आता हे रद्दीत देऊ?" लेकीनं विचारलं.

"नको गं. आमच्यातल्या आणखी दोघी परीक्षेला बसणार आहेत. फक्त ती चौकट एकटीनं वाचू नका म्हणावं!"

मित्रांनो, माझा गोंधळ अजून पुरता मिटलेला नाही. तरी एक विनंती. आम्हा पुस्तकांना जपा, पण आमचं एखादं वाक्य पटलं नाही, तर स्वतःच्या डोक्याला दोष देत बसू नका. खुशाल पेन्सिल उचला. आम्हाला दुखत नाही.