छावणीचा सर्जन

डॉक्टरीणबाईंच्या हाताखालून कितीतरी मुलं शिकून गेली, पण त्यांचा जीव जडला तो एकावरच. बाई मेडिकल कॉलेजात बाळंतपणाच्या शस्त्रक्रिया शिकवायच्या आणि दरवर्षी रजा टाकून विस्थापितांच्या छावणीतल्या पत्र्याच्या इस्पितळात कामाला जायच्या. त्या छावणीतच लहानाचा मोठा झालेला, बाहेर शिकून डॉक्टर होऊन परतलेला एक तरुण त्यांना भेटला. नर्स त्याला 'छोटे डॉक्टर' म्हणायच्या. बाईंनी त्याला अक्षरशः हाताला धरून सिझेरियन शिकवलं. पहिल्यांदा चाकू धरला तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता.

"घाम पुसायला सिस्टर आहेत," बाई म्हणाल्या होत्या. "तू खाली बघ."

दोन-तीन वर्षांत तो असा तयार झाला, की बाई नुसत्या शेजारी उभ्या राहायच्या. घरी नवरा चेष्टा करायचा, "आपल्या पोरीला कधी एवढं शिकवलं नाहीस."

"आपल्या पोरीने कधी विचारलं?"

पुढे बाईंनीच शब्द टाकून त्याला शहरातल्या बड्या इस्पितळात वर्षभराचं प्रशिक्षण मिळवून दिलं. वर्ष सरलं, तो काही परतला नाही.

पुढच्या खेपेला बाई छावणीत पोचल्या, तर ऑपरेशनच्या खोलीला कुलूप. थोरल्या सिस्टरांनी ते उघडलं. टेबलावर सलाइनची खोकी रचून ठेवलेली होती.

"मागच्या महिन्यात एक बाई अडली," सिस्टर म्हणाल्या. "मोठ्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. बाळही गेलं. छोटे डॉक्टर असते तर हातासरशी सुटली असती हो."

बाई शहरात परतल्या त्या तडक त्याच्या इस्पितळात गेल्या. गुळगुळीत फरशी, काचेचं दार, दारावर त्याच्या नावाची पाटी. तो लगबगीने उठला.

"बसा ना, मॅडम. चहा सांगू?"

"चहा प्यायला नाही आले. तिकडे एक बाई मेली."

"कळलं मला. माझ्या मावशीच्या शेजारी राहायची."

आता हा मान खाली घालेल, असं बाईंना वाटलं. त्याने घातली नाही.

"मॅडम, तुम्ही वर्षातून एकदा यायचात. निघताना सगळे डोळे पुसायचे. मी तिथे बारा महिने होतो. कोणी दगावलं की माणसं माझ्या आईच्या दारात येऊन बसायची. तुमच्या दारात कोण आलं?"

"म्हणून पळालास?"

"हो, पळालो. आईलाही घेऊन आलो. तुम्हाला मी तिथे हवा होतो, तो घरी शांत झोप लागावी म्हणून."

बाईंनी वाटेत पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. ते तसंच घेऊन त्या दाराकडे वळल्या. तो लिफ्टपर्यंत सोडायला आला, बटणही त्यानेच दाबलं. त्याच्या त्या अदबीचाच बाईंना सगळ्यात जास्त राग आला.

"काय म्हणाला?" नवऱ्याने विचारलं.

"खरं तेच बोलला मेला. मला पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही."

पुढच्या वर्षी छावणीत एक तरुण डॉक्टरीण आली होती. बाईंनी तिलाही शिकवलं, कशात म्हणून कसूर केली नाही. एके दिवशी तिने इतके सफाईदार टाके घातले, की सिस्टरांच्या तोंडून "वा" निघून गेलं. मुलीने आशेने बाईंकडे पाहिलं.

"पट्टी लावा," एवढंच बोलून बाई हातमोजे उतरवायला वळल्या.

जेवताना मुलीने भीतभीत विचारलं, "माझं काही चुकलं का, मॅडम?"

"नाही. तू इथे किती दिवस आहेस?"

मुलगी क्षणभर बाईंचा चेहरा न्याहाळत राहिली. मग घाईने म्हणाली, "मी कायमचीच राहणार आहे, मॅडम."

बाईंना ते पटलं नाही, आणि पटलं नाही याचं काही वाटलंही नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ओढला आणि दुपारच्या ऑपरेशनबद्दल बोलायला सुरुवात केली.