सगळं माझ्याच पोटात होतं

मित्रांनो, तुमचा विश्वास बसणार नाही, पण निम्म्या जगातल्या प्रोग्रामरांची अब्रू या गंजक्या डब्यानं राखली आहे. मी एक जुना संगणक आहे. प्रोग्राममध्ये कुणी, काय, केव्हा बदललं हे ध्यानात ठेवणारं, सर्वांसाठी खुलं आणि फुकट साधन या खोलीत बनतं. त्याची प्रत्येक आवृत्ती आधी माझ्यावर चालवून बघायचे. मी चाललो की सगळे म्हणायचे, "म्हातारा चालला, म्हणजे कुठेही चालेल!" माझ्या पाठीवर थाप पडायची. चहाचा कपही माझ्याच डोक्यावर.

मग पुढच्या आवृत्तीची बैठक भरली. प्रमुख दाढीवाले म्हणाले, "या थेरड्यासाठी वेगळा कोड किती दिवस पोसायचा?"

"मी सांभाळते की," चाचणीवाल्या आत्या म्हणाल्या. त्यांना सगळेच आत्या म्हणतात.

"आत्या, मागच्या खेपेलाही हेच बोललात. काम कुठाय?"

सगळे खो खो हसले. आमच्यात रीतच तशी; सांभाळणारा नसेल, तर कात्री.

कात्री लागली. नव्या आवृत्तीनं माझ्यासारख्या जुन्यांना नकार द्यायला हवा होता. तो नीट देते का, हे तपासायला त्यांनी मलाच निवडलं. माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'हे यंत्र चालणार नाही.' चाचणी उत्तीर्ण! टाळ्या पडल्या. मित्रांनो, मी आयुष्यभर राबलो, पण एवढ्या टाळ्या कधी ऐकल्या नव्हत्या.

आता भंगारवाला फाटकाशी उभा आहे. आत्या तुम्हा शाळेतल्या मुलांना घेऊन आल्या आहेत. तुम्ही शाळेत नेलंत तर वाचेन. जुन्यांना जपा, बाळांनो! एकदा या खोलीला आग लागली. सगळी यंत्रं खाक झाली. साधनाचा सगळा इतिहास एकट्या माझ्या पोटात उरला. मी नसतो, तर पहिल्या ओळीपासून...

"ए, थापा नको मारूस!" आत्यांची भाची पुढे आली. "या साधनात काम करणाऱ्या प्रत्येकाकडे सगळ्या इतिहासाची पूर्ण प्रत असते. आत्याच्या घरच्या लॅपटॉपवर मी स्वतः पाहिलीय. तू जळला असतास तरी कुणाचं काही अडलं नसतं. आत्या, बोलाव गं त्या भंगारवाल्याला."