मी विणलेला काळा चेहरा

मी सोलापूरचा एक जुना हातमाग आहे. मित्रांनो, जुनी वस्तू बोलू लागली की ती आता रडगाणं गाणार, असं तुम्हाला वाटत असेल. मी कुरकुरतो हे खरं, पण ते माझे सांधे सैल झालेत म्हणून. दया मागायला मी बसलेलो नाही.

शहराच्या पूर्व भागातल्या एका सुतारानं मला सागवानातून घडवलं. तरुणपणी माझ्यावर लुगडी विणली गेली. मग गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट सुरू झाला आणि माझे कितीतरी भाऊबंद चुलीत गेले. मी वाचलो तो माझ्या मालकिणीमुळे, राजमणीमुळे. ती माझ्यावर चित्रं विणू लागली, भिंतीवर टांगायची. ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली फोटो ठेवायचा, तो बघत बघत रंगीत धागे हातानं भरायचे आणि ठोकून बसवायचे. लोक बघायला येत, राजमणीच्या बोटांचं कौतुक करत. मला मात्र कुणी विचारत नसे, आणि त्याचा मला रागही येई.

या धंद्यात एक रीत आहे. चेहऱ्याला सूत एकच, फिक्कट गव्हाळ. रंगारी ते तयारच ठेवतो आणि सगळे त्याला ‘तोंडाचं सूत’ म्हणतात. पुढारी असो, नवरानवरी असोत, कुणाचे आजोबा असोत, तोंडाला तेच. तपकिरी सूतही असतं, पण ते बैलांसाठी आणि झाडांच्या बुंध्यांसाठी.

गेल्या थंडीत गुरुसिद्धप्पा शेठ काम घेऊन आले. राजमणीला वर्षभर काम पुरवणारे व्यापारी तेच. जुळे सोलापूर या वस्तीत त्यांनी मुलांसाठी काढलेली अभ्यासिका सुरू झाली होती, उद्घाटन तेवढं बाकी होतं. तिला अमेरिकेतल्या डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. जानेवारीत, आमच्या गावच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, त्यांची जयंती येते. त्या दिवशी उद्घाटनाला त्यांचं विणलेलं चित्र लावायचं होतं.

“अक्का, चेहरा जरा उजळच घ्या,” शेठ म्हणाले. “मोटे पाव्हने येनार हायत. फोटो तर काळा-पांढराच हाय, कुनाला कळतंय?”

राजमणी सवयीनं “व्हय” म्हणाली.

तिची मुलगी अपेक्षा त्याच अभ्यासिकेत बसायची. आई धागे भरत असताना ती मोबाइलवर त्या माणसाची माहिती वाचून दाखवू लागली. त्या देशात काळ्या माणसांना बसमध्ये मागे बसावं लागे. त्याविरुद्ध हजारो माणसं वर्षभर बसमध्ये चढली नाहीत, पायी चालली, आणि त्यांच्या पुढं हा तरुण पाद्री होता. त्यानं कुणावर हात उगारला नाही. शेवटी त्याला गोळी घालून मारलं.

चित्र खालून वर चढत होतं. कोट झाला, टाय झाला, गळ्याशी आल्यावर राजमणीचा हात थांबला.

“ह्यो मानूस खरंच काळा व्हता?”

“व्हय अम्मा. माज्यापेक्षाबी.”

राजमणीनं पोरीच्या तोंडाकडे नीट बघितलं. “तुला शाळेच्या गॅदरिंगला मागच्या रांगेत नाचवायचे,” ती म्हणाली. “म्या कधी जाऊन इचारलं न्हाय.”

मग तिनं बैलांचं सूत बाहेर काढलं. त्यात काळा धागा पिळला, गालांसाठी थोडा मरून. हनुवटी उतरली, ओठ उतरले. माझ्यावर आजवर शेकडो चेहरे उतरले, पण असा जिवंत चेहरा मी पहिल्यांदाच अंगावर वागवत होतो.

शेठ आले आणि बघतच राहिले. “हे काय केलं? उसवा हे! तोंडाचं सूत दिलंय की मी.”

“त्याची कॉलर केली बगा. लई शोबतीय.”

“चेष्टा नको, अक्का. असलं चित्र लावून उद्घाटन करू व्हय मी?”

राजमणीनं हातातलं सूत खाली ठेवलं. “शेठ, काळ्या मानसांसाटी ह्यो मानूस मेला. आनि त्याला मान द्यायचा म्हनून तुमी त्याचंच तोंड धुऊन काडनार? माजी पोरगी रोज तितं बसती. तिच्यासमोर ह्याला गोरा करून लावू? न्हाय उसवनार मी.”

“मग ह्येबी काम न्हाय, फुडचंबी न्हाय!”

“न्हाय तर न्हाय.”

शेठ चपला पायात सरकवत निघून गेले आणि राजमणीनं असा ठोका मारला की माझे सगळे सांधे हादरले. आयुष्यात इतका गोड ठोका मी खाल्ला नव्हता.

जयंतीला मायलेकी चित्राची गुंडाळी घेऊन गेल्या. पुढचं अपेक्षानं घरी येऊन सांगितलं. भिंतीवर शेठनी फ्लेक्स लावला होता आणि त्यात डॉक्टर किंग पावडर लावून आल्यासारखे दिसत होते. अभ्यासिकेतल्या मुलींनी टेबलावर चढून आमचं चित्र त्या फ्लेक्सवरच टांगलं. शेठ “उतरवा, उतरवा” ओरडले. मुली चित्राला पाठ लावून उभ्या राहिल्या. कुणी आवाज चढवला नाही, कुणी हललीही नाही. पाहुण्यांची गाडी दाराशी आली तरी त्या तशाच. शेवटी हार त्याच चित्राला घालावा लागला.

ते अजून तिथंच आहे. शेठनीही बोलल्याप्रमाणे काम बंद केलं. राजमणी आता विड्या वळते आणि माझ्या फणीत कोळ्यानं घर केलंय. वाईट वाटतं मला, का वाटू नये? पण तो चेहरा उसवून मला काम मिळणार असेल, तर त्यापेक्षा मी चुलीत जाईन.

तेव्हा मित्रांनो, मला तेल घाला, पुसा, असं काही मी म्हणत नाही. तुमच्या रंगपेटीत एक फिक्कट गुलाबी खडू असतो. त्याला तुम्ही ‘अंगाचा रंग’ म्हणता. कुणाच्या अंगाचा? पुढच्या वेळी आईचं चित्र काढाल तेव्हा आधी तिच्याकडे नीट बघा, आणि मगच खडू उचला.