जेबाच्या नावाची एकोणीस पानं

पीकविम्याचे अर्ज भरायचं सॉफ्टवेअर अमरावतीतल्या एका लहानशा कंपनीनं तयार केलं होतं, आणि ते वापरायचं कसं हे सांगणारी इंटरनेटवरची पानं लिहिली होती वामनरावांनी. शाळेतून निवृत्त झालेला माणूस. त्यांची रीतच वेगळी. शंका जो पहिल्यांदा विचारेल, त्याचं नाव पानाच्या पत्त्यात. पुंजाजी-१, बेबीताई-३. गावोगावच्या अर्ज भरायच्या केंद्रांवर हे पत्ते कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवलेले असत.

वामनराव श्रावणात गेले. दिवाळीनंतर ती पानं विषयवार लावायचं काम कंपनीतच असलेल्या त्यांच्या मुलीकडे, अनुपमाकडे आलं. जुना पत्ता टाकला तरी नव्या जागचं पान उघडावं, म्हणून ती एकेक पत्ता जोडत गेली. तीनशे पत्त्यांत तिनं स्वतःचं नाव शोधलं. नव्हतं. जेबाचं मात्र एकोणीस वेळा होतं.

जेबा अकोल्याच्या केंद्रावरची. बाबा रोज संध्याकाळी तिच्याशी अर्धा अर्धा तास फोनवर बोलत, हसतसुद्धा. अनुपमाच्या वाट्याला ‘जेवलीस का’ एवढंच यायचं. तिनं ती एकोणीस पानं नव्या जागी नीट लावली, पण त्यांचे जुने पत्ते जोडले नाहीत. विसरले म्हणता आलं असतं.

दुसऱ्याच दिवशी धारणीच्या केंद्रावरून पुंजाजींचा फोन. दुष्काळाचं दुसरं वर्ष, रब्बीच्या विम्याची शेवटची तारीख उद्यावर, दारात रांग, आणि अर्ज अर्धा भरलेला असताना वीज जाऊन आलेली.

“जेबा-७ उघडून नाई राहिलं, बाई. लाइन गेली का सरांनी तेच पाहाले सांगतलं होतं.”

तिनं घाईनं तेवढा पत्ता जोडला. बाकीचे अठरा तसेच ठेवले.

संध्याकाळी, नेमक्या बाबांच्या वेळेला, जेबाचा फोन आला. आपली अठरा पानं उघडत नाहीत, कामाच्या गर्दीत राहिली असतील, असं ती समजुतीनं सांगू लागली. अनुपमानं तिला मध्येच तोडलं.

“तुझ्या नावाची एवढी पानं. माझ्या नावाचं एकही नाही.”



“ताई, मी सरांले इचारलं होतं, तुमचं पान काहून नाई म्हनून. तर म्हने, ‘तिले सगळं येते. तिनं मले कधी काही इचारलंच नाई. मी वाट पाहून राहिलो.’”

फोन ठेवून अनुपमानं उरलेले अठरा पत्ते जोडले. प्रत्येक उघडतो का, दोनदा पाहिलं.

वाट पाहत होते, हेही बाबांनी जेबालाच सांगितलं होतं.