वस्तादांचे पाय

शांग वस्तादांकडे त्यांची युद्धकला शिकायला गेले, तेव्हा त्यांच्या अंगणात पहिले कित्येक आठवडे मी नुसती उभी होते. गुडघे किंचित वाकवलेले, हात झाडाला कवेत घेतल्यासारखे पुढे, पाठ सरळ. वस्ताद मागून यायचे, माझ्या माकडहाडावर दोन बोटं टेकवायचे आणि विचारायचे, "वजन कुठंय?" मी सांगायचे, मांडीत. "मग तिथं का थांबलंय? खाली जाऊ दे." मी जीवशास्त्रात पदवी घेऊन आले होते. कोणता स्नायू कुठून निघतो, कानातल्या कोणत्या नळ्या तोल सांभाळतात, हे सगळं मला नावानिशी माहीत होतं. वजन तळव्यांपर्यंत जाऊ देणं जमलं तेव्हा मात्र थंडी सरली होती आणि गावाबाहेर गव्हाला ओंब्या धरल्या होत्या.

त्यानंतर जोडीचा सराव सुरू झाला. दोघांनी मनगटाला मनगट लावून उभं राहायचं आणि हात गोल फिरवायचे. रेटायचं नाही, टेकायचं नाही, संपर्क सोडायचा नाही. समोरच्याचं वजन कुठं सरकतंय ते कातडीतून ओळखायचं. वस्ताद याला 'ऐकणं' म्हणत. मला हे फार आवडलं, कारण यात खोटं बोलता येत नव्हतं. माणूस तोंडानं काहीही म्हणो, त्याचं मनगट खरं तेच सांगायचं.

फक्त वस्तादांबरोबर हा सराव वेगळा चाले. त्यांनी हात पुढे केला की शिष्य दोन्ही पायांवर उड्या घेत मागे जात आणि भिंतीला टेकवलेल्या गादीवर आदळत. सगळ्यात लांब जाई तो थोरला शिष्य, च्याओ त्येलिन. दाराकडे तोंड असलेली मानाची खुर्ची जेवताना वस्तादांना द्यायची, तशीच ही रीत. कुणी शिकवत नसे, कुणाला ते ढोंगही वाटत नसे. वस्तादांच्या हाताला अडून राहणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार लावणं.

मला ती सवय अजून लागली नव्हती. त्यामुळे माझी पाळी आली तेव्हा मी उडायला उशीर केला, आणि त्या उशिरात मला काहीतरी जाणवलं. डावीकडे वळताना वस्तादांचं वजन माझ्या मनगटावर आलं होतं. अंधारात जिना उतरताना आपण कठड्यावर हात ठेवतो, तसं. टेकू नका म्हणून दिवसभर सांगणारा माणूस माझ्यावर टेकला होता.

मी त्येलिनदादाला विचारलं. तो म्हणाला, वस्ताद टेकत नसतात, ते तुझी परीक्षा बघत असतात.

संध्याकाळी वस्तादांचे पाय गरम पाण्यात ठेवण्याचं काम शिष्यांकडे पाळीपाळीनं असे. माझी पहिली पाळी आली तेव्हा लाकडी टपातल्या पाण्यात मला हात धरवेना. वस्ताद मात्र पाय बुडवून शांत बसले आणि म्हणाले, अजून ओत. तळवे लालभडक झाले. बघायला शेजारगावचे लोकही यायचे. त्येलिनदादानं याचा व्हिडिओ केला होता आणि तो फोनवर हजारो लोकांनी पाहिला होता. आतली शक्ती तळव्यांपर्यंत पोचली की आगही चटका देत नाही, असं तो पाहुण्यांना समजावून सांगे.

पुढच्या पाळीला मी थर्मामीटर घेऊन गेले.

"शिकलेली पोर आहे," त्येलिनदादा सगळ्यांना म्हणाला. "पाण्याला ताप आलाय का बघतेय."

सगळे हसले, वस्तादही हसले. मी आकडा वाचला, कातडी भाजेल एवढा होता, आणि थर्मामीटर खिशात टाकला. पाय पुसताना अंगठ्याच्या मुळाशी, तळव्याला, एक गोल खड्डा दिसला. कडा पांढऱ्या पडलेल्या, आत ओलं. मी टॉवेल त्याच्यावरून फिरवला तरी वस्तादांचा पाय हलला नाही. काकू, म्हणजे वस्तादांची बायको, जवळच होत्या. त्यांनी सांगितलं की गेल्या आठवड्यात यांच्या बुटातून जर्दाळूची बी निघाली. "दिवसभर तीच घेऊन फिरले आणि यांना पत्ता नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात कुणी नव्हतं. काकू रताळी सोलत होत्या. मी वस्तादांना म्हटलं, पायानं ऐकण्याचा सराव करू या का? त्यांना ती कल्पना आवडली. ते खुर्चीवर बसले, बूट-मोजे काढले, डोळे मिटले. मी झाडूची एक काडी घेतली. स्पर्श झाला की जागा सांगायची, एवढंच ठरलं.

पोटरीवर काडी लावली, त्यांनी लगेच ओळखलं. घोट्याच्या वर लावली, थोडं थांबून ओळखलं. घोट्याखाली लावली, तर काहीच नाही. जखमेच्या अगदी काठाला लावली, तरी काहीच नाही. मी काडी उचलून मांडीवर ठेवली.

"डावा अंगठा," वस्ताद म्हणाले.

मी काडी हलवली नाही.

"उजवी टाच. आता परत डावा."

काकूंची सुरी थांबली होती. त्या माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघत होत्या. वस्तादांनी आणखी दोन जागा सांगितल्या, मग कुणी काहीच बोलत नाही म्हणून डोळे उघडले आणि त्यांनाही तो हात दिसला.

मी त्यांना सरळ सांगितलं. रक्तात साखर फार वर्षं वाढलेली असली की पायाच्या नसा मरतात. मग चटका कळत नाही, जखम कळत नाही, जमीनही कळत नाही. ही जखम सडायला लागली आहे. आत्ता शहरातल्या दवाखान्यात गेलो तर पाय वाचेल, थांबलो तर वाचेलच असं नाही.

काकू म्हणाल्या, पाणी फार पितात हो हे, सारखे लघवीला उठतात. वस्तादांनी मोजे चढवले. पुढच्या रविवारी नव्या शिष्यांचा सोहळा होता. लोक गुडघे टेकून चहा देणार, नमस्कार करणार. पायाला बँडेज बांधून वस्ताद तिथं कसा बसेल?

"सोहळा होऊ दे," ते म्हणाले. "मग तू म्हणशील तिथं येतो. आणि पोरी, हे त्येलिनला सांगू नकोस."

मी सांगितलं. वस्ताद त्याचं एकट्याचंच ऐकत असत. तो गाद्या झटकत होता. सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "वस्तादांच्या पायात जीव नाही म्हणतेस. मग आम्ही इतकी वर्षं कशानं उडत होतो?"

"तुम्ही उडी मारता, दादा."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या ताटात थुंकले होते. मग अगदी हळू म्हणाला, "तुझी बॅग भरायला मदत हवी तर सांग."

मी बॅग भरली नाही. पाळी कुणाचीही असो, रोज पाण्यात थंड पाणी मिसळत होते, जखम धूत होते आणि रोज वस्तादांना आणि त्येलिनदादाला विनवत होते. काकू माझ्या बाजूनं होत्या, पण सोहळ्याची निमंत्रणं गेली होती आणि त्यांना नवऱ्याचा स्वभाव माहीत होता. शनिवारी वस्तादांच्या अंगात ताप होता.

रविवारी अंगण भरलं. उदबत्त्या नेहमीपेक्षा जास्त लावल्या होत्या, तरी पहिल्या रांगेला वास येत होता. एकदोघांनी कुठं उंदीर मेलाय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. नवे शिष्य गुडघ्यांवर आले, चहाचे पेले डोक्याच्या वर धरून दिले. वस्तादांनी एकेक घोट घेतला. मग कुणीतरी म्हणालं की थोडं काही दाखवा, आणि वस्ताद उठले.

त्येलिनदादा समोर उभा राहिला. मनगटाला मनगट लागलं, हात फिरू लागले. मी बाजूनं बघत होते. वस्ताद डावीकडे वळले आणि त्यांचं सगळं वजन त्येलिनदादाच्या मनगटावर गेलं. ते मला दिसत होतं. त्यालाही ते लागलंच असणार, इतकी वर्षं तो हेच शिकला होता. पण वस्तादांचा तळवा पुढे आला, आणि तो नेहमीसारखा उडाला.

आधार गेला. वस्ताद त्याच दिशेनं, हात पुढे तसेच ठेवून, विटांवर तोंडघशी पडले. क्षणभर नव्या शिष्यांना वाटलं, हाही एखादा डाव असेल. एक जण टाळी वाजवू लागला. डावा बूट निघून बाजूला पडला होता आणि मोज्याचा पुढचा भाग काळा, ओला, पायाला चिकटलेला होता. त्येलिनदादा गादीवरून उठला नाही. तो तिथूनच मोज्याकडे बघत राहिला.

दवाखान्यात पाय गुडघ्याखाली कापला. सही काकूंनी केली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर आधी आणलं असतं तर कदाचित दोन बोटांवर भागलं असतं. कदाचित, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

वस्ताद बोलू लागले तेव्हा खोलीत काकू आणि मी होतो. त्येलिनदादा बाहेर बाकावर होता. रोज यायचा, आत येत नसे. मी वस्तादांना विचारलं, जमीन कळत नाही हे तुम्हाला कधी कळलं?

ते छताकडे बघत म्हणाले,

"माझे वस्ताद म्हणायचे, एक दिवस पाय आहेत हेच विसरशील. तेव्हा समज, विद्या अंगात आली. मी वाट बघत होतो. म्हातारा होत आलो तरी काही होईना. मग एका हिवाळ्यात सकाळी उभा राहिलो आणि पायाखाली काहीच नव्हतं. हलकं वाटलं. मला रडू आलं, पोरी. मी घरात जाऊन हिला सांगितलं."

काकू त्यांच्या चादरीची कड सारखी करत होत्या.

"मी मोमो केले होते," त्या म्हणाल्या. "सगळ्या गल्लीला वाटले."