आवाज काढून टाका

चंद्रकलाबाईंचा फोन आला तेव्हा नंदिनी वर्गात होती. माहितीपट कसा करायचा हे ती नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवायची, आणि शिकवायची म्हणजे पोरांना घेऊन वस्त्यांमध्ये जायची. या वर्षी तिच्या विद्यार्थ्यांनी कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ खुडणाऱ्या बायांवर वीस मिनिटांची फिल्म केली होती. ज्यांच्यावर फिल्म, त्यांना ती सगळ्यांत आधी दाखवायची, हा नंदिनीचा नियम. त्याप्रमाणे आदल्या रविवारी वस्तीतल्या समाजभवनात चादर टांगून ती दाखवूनही झाली होती. बाया एकमेकींना कोपरं मारत हसल्या होत्या. सगळी फिल्म उभी होती ती त्यांच्यातल्याच चंद्रकलाबाईंच्या बोलण्यावर.

आणि आता त्या म्हणत होत्या, "मॅडम, मले राहू द्या त्याच्यात, पण माहा आवाज काढून टाका."

नंदिनीला काही उमगेना. चेहरा नको म्हणणारी माणसं तिने पुष्कळ पाहिली होती. चेहरा चालेल पण आवाज नको, हे पहिल्यांदाच. मिरचीचा खकाणा उडतो, पण तोंडाला बांधायला साधं फडकंही मिळत नाही, असं बाई फिल्ममध्ये बोलल्या होत्या. त्यावरून कुण्या व्यापाऱ्याने दम दिला असणार, असं मयुरीने छातीठोकपणे सांगितलं. मयुरी या फिल्मची दिग्दर्शक, एकवीस वर्षांची, आणि तिला प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी दम देणारा दिसायचा.

दोघी वस्तीत गेल्या. बाईंनी चहा दिला, पोहे दिले, ऊन किती तापतंय ते सांगितलं. दम कुणी दिला नाही म्हणाल्या. मग काय झालं, तर नुसतंच बरं नाही वाटत. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हाही तेच. तिसऱ्यांदा बाई घरी नव्हत्या. त्यांची म्हातारी आई तेवढी बाजेवर बसलेली होती, मोतीबिंदूने डोळे दुधाळ झालेली. चाहूल लागताच तिने उशीखालून मोबाइल काढून समोर धरला.

"पोरी, लावून दे वं जरासा."

मोबाइलमध्ये फिल्म टाकून दिली होती ती मयुरीनेच. तिने ती लावली. खोलीत चंद्रकलाबाईंचा आवाज भरला. म्हातारी मान हलवत ऐकत राहिली, आणि संपल्यावर नंदिनीच्या दिशेने वळून म्हणाली, "अंजू होय ते माही. लहानी. तुमाले कुठी भेटली वं ते?"

नंदिनी काही बोलणार तोच दारात चंद्रकलाबाई दिसल्या. त्यांनी दोघींना बाहेर ओट्यावर नेलं. अंजू त्यांची धाकटी बहीण. चार वर्षांपूर्वी वारली. दोघींचा आवाज इतका सारखा, की फोनवर बापालासुद्धा कळायचं नाही कोणती बोलतेय. समाजभवनात आईने भोंग्यातून तो आवाज ऐकला, आणि त्या दिवसापासून ती एक ताट जास्तीचं वाढायला लावत होती.

"माहाच आवाज आयकते, अन् मलेच विचारते, अंजू कधी येऊन राहिली," बाई म्हणाल्या. "मी बोलली तं म्हणते, तू नोको बोलू, मले आयकू दे."

नंदिनी जागच्या जागी हो म्हणाली. बाईंच्या समोरच तिने मोबाइलमधली फिल्म पुसून टाकली. कॉलेजात बसून आवाज काढला, बाईंची वाक्यं पडद्यावर अक्षरांत उमटवली. मयुरीने त्या कामाला हात लावला नाही. ज्यांची फिल्म त्यांना विचारायचं असं तुम्हीच सांगता, मग आजीला का नाही विचारलं, एवढंच ती म्हणाली. आजीला विचारायचं तरी काय, हेच नंदिनीला कळत नव्हतं.

दहा दिवसांनी बाईंचा पुन्हा फोन. आई बोलेनाशी झाली होती. जेवायला बोलावलं तर येत नव्हती. बंद मोबाइल कानाशी धरून बसायची. बाई म्हणाल्या, परत टाकून द्या.

दोघी पुन्हा वस्तीत गेल्या, मयुरीने आवाजासकट फिल्म टाकून लावली. म्हातारी सरसावून बसली. आता बाई उठून आत जातील असं नंदिनीला वाटलं, पण त्या आईशेजारी बाजेवर टेकल्या आणि खाली मान घालून ऐकू लागल्या. मध्येच त्यांनी हात करून थांबवायला लावलं, मागे न्यायला लावलं. तेच वाक्य दोनदा ऐकलं.

"मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "हा माहाच आवाज होय ना?"

शूटिंगच्या दिवशी त्यांच्या पदराला माइक लावला होता तो नंदिनीने, स्वतःच्या हाताने. तरी हो म्हणायला तिला वेळ लागला.

शनिवारी कॉलेजात फिल्म दाखवायची होती. तिथे आवाज नकोच, घरी तेवढा राहू द्या, असं निरोप देताना बाई हळूच म्हणाल्या. म्हातारीने मात्र नंदिनीचा हात धरून विचारलं, लोक ऐकतील ना अंजूचं? नंदिनीने दोघींनाही हो म्हटलं, आणि रस्त्याला लागल्यावर आपण काय केलं ते तिच्या ध्यानात आलं. मयुरी गाडी चालवत होती.

शनिवारी फिल्म बाईंच्या आवाजाविनाच लागली. बाजाराचा गलका ऐकू येत होता, खोकले ऐकू येत होते, बाईंचे नुसते ओठ हलत होते आणि खाली त्यांची वाक्यं उमटत होती. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, बाईंचा आवाज नाही, हा बिघाड होता की मुद्दाम केलंय? मयुरीने मॅडमकडे पाहिलं.

नंदिनी उठून उभी राहिली. "मुद्दाम," ती म्हणाली, "ज्यांचा आवाज, त्यांनीच सांगितलं म्हणून." आणि कुणाचा, असं कुणी विचारण्याआधी ती खाली बसली.